अंड्यांच्या पेटीवरची फिल्म

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. पेटी म्हटलं की तुम्हाला भजनातली पेटी आठवेल आणि तुम्ही सूर लावून बसाल, म्हणून आधीच सांगते, मी गाणारी नव्हे. मी अंडी तपासायची पेटी. हसलात ना? हसा. पहिल्यांदा ऐकणारा प्रत्येक जण हसतो आणि मला त्याची सवय झाली आहे.

सध्या माझा मुक्काम बेंबळीत, सोसायटीच्या गोदामात, खताच्या पोत्यांखाली आहे. अंगावर पोती, पोटात झुरळं. कोण विचारतो? पण एके काळी माझ्याशिवाय या सोसायटीचं पान हलत नव्हतं. आणि एक गोष्ट अशी आहे, की ती या जगात फक्त मी पाहिली आहे. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझं लाकूड लिंबाचं. बहात्तर सालच्या दुष्काळात विहिरी आटल्या, ओढा आटला, आणि ओढ्याकाठचा लिंब उभ्या उभ्या वाळला. लिंब सहसा वाळत नाही, तो वाळला, यावरून काय ते समजा. दुष्काळ सरल्यावर सरकारी माणसं आली आणि म्हणाली, नुसत्या पावसाच्या भरवशावर राहू नका, कोंबड्या पाळा. गावानं कुक्कुटपालनाची सोसायटी काढली. पांढऱ्याशुभ्र लेगहॉर्न कोंबड्या आल्या, उबवणीचं यंत्र आलं, आणि अंडी तपासायला काहीतरी हवं म्हणून कोंडीराम सुतारानं त्या वाळल्या लिंबाच्या फळ्यांतून मला घडवलं. आतून पत्रा मारून त्याला पांढरा रंग दिला, पोटात विजेचा दिवा लावला आणि वरच्या फळीला अंड्याच्या मापाची भोकं पाडली. भोकावर अंडं धरलं की उजेड आरपार जायचा. ताजं अंडं केशरी दिसतं. शिळ्यात वरच्या अंगाला पोकळी वाढलेली असते. उबवायला ठेवलेल्या अंड्यानं जीव धरला असेल तर आत लाल शिरांचं जाळं दिसतं, आणि धरला नसेल तर काहीच दिसत नाही, नुसता उजेड. सांगायचा मुद्दा असा, की माझ्यापुढं लपवाछपवी चालत नसे. त्यामुळं माझा स्वभाव जरा फटकळ झाला आहे, तेवढं चालवून घ्या.

सोसायटीचे सेक्रेटरी होते अंबादासकाका. मूळ तुळजापूरचे, पुजाऱ्यांच्या घरातले. उभ्या जन्मात त्यांनी अंड्याला तोंड लावलं नाही आणि नशिबात आली ती अंड्यांचीच सोसायटी! पण माणूस कामाला चोख आणि मनानं लई मोठा. वस्तू जपावी तर काकांनी. टाकाचं टोकसुद्धा वापरून झालं की पुसून ठेवायचे.

अंडी तपासायला त्यांनी बनाबाईंना नेमलं. बनाबाई बौद्धवाड्यातल्या. दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडून फोडून त्यांच्या तळहातांना घट्टे पडले होते, पण त्याच हातांनी अंडं असं अलगद धरायच्या की मला त्याचं ओझं कळायचं नाही. गावातले एक-दोघं पुटपुटले, त्या बाईच्या हातची अंडी कशी चालतील म्हणून. काका त्यांना म्हणाले, अंडं कोंबडी देते, बनाबाई देत नाहीत. आधी कोंबडीची जात विचारून या, मग बोलू. पुटपुटणारे जे गप्प झाले ते झालेच.

ते दिवस सुखाचे होते. अंड्यांचे ट्रे एसटीच्या टपावर चढून सोलापूरला जायचे, आणि जे अंडं माझ्या उजेडात उतरलं नाही ते एसटीत चढायचं नाही. तालुक्याचे साहेब आले तेव्हा मला हात लावून म्हणाले, छान पेटी केली आहे. मी महिनाभर त्याच तोऱ्यात होते. मग एका उन्हाळ्यात मानमोडीचा रोग आला. कोंबड्या माना टाकून पटापट मेल्या. उबवणीचं यंत्र विकलं गेलं. सोसायटी मोडू नये म्हणून काकांनी खत आणि बियाणं विकायला घेतलं, बनाबाई पोती शिवायला लागल्या, आणि मला कोपऱ्यात ढकललं. वजनकाट्याचा भाव वाढला. अंगावर धूळ साचली, की आपण कधी उजळत होतो हेही विसरायला होतं.

मग मच्छिंद्र आला. बनाबाईंचा एकुलता एक मुलगा. औरंगाबादला चित्रकलेच्या कॉलेजात शिकत होता. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट असेल. या मुलाला चित्र नुसतं काढून समाधान नव्हतं, त्याला ते चालवायचं होतं. एकासारखं एक चित्र काढायचं, प्रत्येकात तसूभर फरक करायचा, कॅमेऱ्यात एकेक टिपायचं आणि पडद्यावर भराभर दाखवायचं, की चित्र उठून चालू लागतं. तुम्ही सिनेमाच्या आधी कार्टून बघता ना, तेच.

मुंबईला अशी कार्टून करणारी एक कंपनी होती. दर दिवाळीच्या तोंडावर ती नवी मुलं कामावर शिकायला घ्यायची. तिथं वशिला चालत नव्हता आणि मार्कही चालत नव्हते. आपण केलेल्या छोट्या फिल्मा एका रिळावर जोडून न्यायच्या, त्याला शोरील म्हणायचे, आणि ते बघूनच निवड व्हायची. मच्छिंद्रनं कॉलेजात दोन तुकडे केले होते. एकात बेडूक उड्या मारायचा, दुसऱ्यात येरमाळ्याचा घाट चढताना एसटी धापा टाकायची. त्याच्या मास्तरांनी ते बघितलं आणि म्हणाले, हात छान आहे तुझा, पण ह्यात तू कुठं आहेस? तुझी म्हणावी अशी एक गोष्ट कर, तर तुला घेतील. मास्तर भला माणूस. त्यांनी स्वतःचा चावीचा छोटा कॅमेरा त्याला दिला आणि जपून ठेवलेली फिल्मची फीतही दिली. तेव्हा फीत मिळणं फार मुश्किल होतं. दुसरी मिळेल असं त्यांनी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही.

तर मित्रांनो, एका सकाळी माझ्या अंगावरची धूळ झटकली गेली. मच्छिंद्रनं माझी भोकांची फळी काढून तिथं दुधी काच बसवली. काचेवर ओढ्यातली काळी माती पसरली. ती त्यानं बनाबाईंच्या पिठाच्या चाळणीनं चाळली होती, त्यावरून घरात काय महाभारत झालं ते विचारू नका. खालून माझा उजेड, वर माती. माती सारली की उजेड, ठेवली की अंधार. कोंबडीच्या पिसानं आणि एका काडीनं तो त्या मातीची चित्रं करायचा. कॅमेरा कशावर ठेवायचा हा प्रश्न पडला, तेव्हा घरातली पाण्याची घडवंची आणून माझ्या अंगावरून उभी केली आणि घागर बसते त्या भोकात कॅमेरा पालथा बसवला. त्याचा डोळा बरोबर माझ्यावर.

चित्र झालं की खटका. मग माती केसभर सारायची, पुन्हा खटका. पुढचं चित्र करायचं म्हणजे मागचं मोडायचं. कागदावरची चित्रं मागं उरतात, मातीची उरत नाहीत. जे काही राहणार ते कॅमेऱ्याच्या पोटातल्या फितीवर. पंखा लावायची सोय नव्हती, खिडकी उघडायची सोय नव्हती, शिंक आली तर पोरगा नाक दाबून बाहेर पळायचा.

ही सगळी कामगिरी ऑफिस उघडायच्या आधी, रोज सकाळी चालायची. जागा काकांनी दिली होती. नुसती दिली नाही, तर दार उघडून वारा आत जाऊ नये म्हणून स्वतः बाहेर पायरीवर राखण करत बसायचे. कुणी खताचं विचारायला आला की ओठावर बोट ठेवून त्याला परत पाठवायचे. एकदा मच्छिंद्रनं त्यांना आत येऊन बघायला सांगितलं, तर म्हणाले, नको, शिजायच्या आधी झाकण उघडू नये, पडद्यावरच बघीन. तेवढ्यावर न थांबता त्यांनी गोदामाची एक भिंत चुन्यानं पांढरी करून घेतली. फिल्म धुऊन आली की पहिला खेळ तिथंच करायचा, असं अख्ख्या गावाला सांगूनही टाकलं.

आता ती फिल्म काय होती ते सांगते. नीट ऐका, कारण सांगणारी मी एकटीच आहे.

एक बाई उन्हात बसून खडी फोडते आहे. हातोडा पडतो, दगड फुटतो आणि त्यातून कोंबडीचं पिल्लू बाहेर येतं. बाई दचकते. दुसरा दगड, दुसरं पिल्लू. होता होता सगळा रस्ता पिलांनी भरतो, पिलं मुकादमाच्या धोतरात शिरतात आणि मुकादम हातातली टेप टाकून पळत सुटतो. शेवटी एकच दगड उरतो. बाई हातोडा उचलते, थांबते आणि दगड कानाला लावते. आत तिला काहीतरी ऐकू येतं. ती तो दगड फोडत नाही. पदरात बांधून घेते आणि चालायला लागते.

ती बाई म्हणजे बनाबाई होती. तेच नाक, तोच डोक्यावरचा पदर, एक गुडघा उभा करून बसायची तीच तऱ्हा. माझ्या काचेवर मातीची बनाबाई बसलेली बघून मला भरून आलं. खऱ्या बनाबाईंना त्यानं काही दाखवलं नव्हतं. पडद्यावर बघ, म्हणायचा. एकदा त्या विचारायला लागल्या, की इतके दिवस करतोस, तर त्या डबड्यात आहे तरी काय, उघडून दाखव. तेव्हा त्यानं समजावलं, "आई, ह्याच्या पोटात अंधार हाय. धुवून येईस्तोवर उजेड लागला तर समदी चित्रं गेली." बनाबाई म्हणाल्या, खुडूक कोंबडीसारखंच आहे की, अंड्यांवर बसली असताना उठवायची नाही. मायलेक हसले. काका तेव्हा बाहेर पायरीवर होते.

दसरा जवळ आला आणि फिल्म संपली. शेवटी फिल्मचं नाव तेवढं मातीनं लिहून टिपायचं राहिलं होतं. पण बौद्धवाड्यातल्या मंडळींनी नागपूरला दीक्षाभूमीवर जायला ट्रक ठरवला होता आणि बनाबाईंची कितीतरी वर्षांची ती इच्छा होती. आईला एकटं कसं पाठवायचं? आल्यावर नाव घेऊ आणि फीत मुंबईला धुवायला पाठवू, असं मच्छिंद्रनं ठरवलं. कॅमेऱ्यावर स्वच्छ फडकं टाकलं. काकांना म्हणाला, "काका, आमी येईस्तोवर एवढं जपा." काका म्हणाले, निवांत जा.

जपा म्हणाला. कसं जपायचं ते सांगायचं राहिलं. ते कुणी उघडेल असं त्याच्या स्वप्नातसुद्धा आलं नसणार. आणि काकांना जपणं कुणी शिकवायचं, असं त्यांना ओळखणारा कुणीही म्हणाला असता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी असते. त्या दिवशी ज्याच्यावर आपलं पोट चालतं ती अवजारं घासूनपुसून पुजायची. दरसाल आमच्या ऑफिसात वजनकाटा, मापं, पोती शिवायचा दाभण, तिजोरीच्या किल्ल्या अशी सगळी मंडळी पाटावर बसायची. काकांची पूजा म्हणजे वरवरचं काम नाही. काटा खोलून त्याच्या पाट्या-साखळ्या सुट्या करून चिंचेनं घासायचे. आतला मळ तसाच ठेवून वर कुंकू लावलं तर ती पूजा कसली, असं त्यांचं म्हणणं. त्या वर्षी शिपाई धोंडप्पाला ते म्हणाले, मच्छिंद्र गावाला गेलाय, त्याचं अवजार बिनपुजेचं कसं ठेवायचं? त्याच्या घरात आता ही पूजा करत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. तरी म्हणाले, देवासाठी नाही, यंत्रासाठी करू, पोराचं भलं व्हावं म्हणून करू.

त्यांनी मला आधी पुसलं, माझ्या कडेला हळदीकुंकवाचं बोट लावलं. मला कधी कुणी पाटाजवळ बसवलं नव्हतं, खोटं कशाला बोलू, मी सुखावले. मग त्यांनी घडवंचीतून कॅमेरा काढला. दिवसा, उघड्या दारात, उन्हाच्या तिरिपीत बसले. बाजूचं झाकण फिरवून उघडलं.

मी काय करणार हो? मी पेटी. ओरडायला तोंड नाही, हात धरायला हात नाही. काकांनी आतली फीत बघितली, तिच्यावर मातीचा बारीक कण दिसला असेल. त्यांनी धोतराचा मऊ सोगा घेतला आणि ती फीत हळूहळू सोडवत, पुसत, परत गुंडाळत गेले. बाळाला न्हाऊ घालावं तशी. भिंगाला कुंकू लागू नये इतकीसुद्धा काळजी घेतली. झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले. पुटपुटले, की ह्याची फिल्म चार लोकांनी बघावी, नाव व्हावं. धोंडप्पानं नारळ फोडला. मी तिथंच होते. मातीची बनाबाई, पिलं, तो कानाला लावलेला दगड, सगळं माझ्यासमोर उन्हात गेलं.

मच्छिंद्र परत आला तेव्हा काका त्याची वाटच बघत होते. मोठ्या हौसेनं त्यांनी कॅमेऱ्यावरचं फडकं काढलं. वर सुकलेलं झेंडूचं फूल होतं.

"तुझ्या यंत्राचीपण पूजा केली बरं का, मच्छिंद्रा. आतून बाहेरून पुसून काढलं."

"आतूनबी?"

"मग? नुसतं वरून पुसून आतली धूळ जाती का? ती पट्टी पार शेवटपर्यंत पुसली आणि होती तशी गुंडाळून ठेवली. एक ओरखडा पडू दिला न्हाय."

मच्छिंद्र माझ्या काचेवर हात टेकून उभा होता. त्याच्या हाताचा सगळा भार माझ्यावर आला. तो काकांच्या तोंडाकडं बघत राहिला. काकांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता, परीक्षेत पहिला आलेल्या मुलाचा असतो तसा होता. मग मच्छिंद्र म्हणाला, "लई चांगलं केलं, काका."

वेडी आशा म्हणून त्यानं फीत तरीही मुंबईला धुवायला पाठवली. आपली गेलेली वस्तू परत मिळेल असं कुणाला वाटत नाही? दिवाळीच्या आधी ती टपालानं सोसायटीच्या पत्त्यावर आली. काका त्या दिवशी धाराशिवला मीटिंगला गेले होते. बनाबाई पोती शिवत बसल्या होत्या, त्या सुई टाकून उठल्या. मच्छिंद्रनं माझा दिवा लावला आणि फीत उलगडून काचेवर धरली. आरपार पांढरी. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता उजेड.

बनाबाईंनी त्याच्या हातातून ती घेतली आणि अंडी फिरवून बघायच्या तशी माझ्या उजेडावर धरून बघत गेल्या. त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"पूजेत उघडला व्हय?" त्यांनी विचारलं.

त्यानं मान हलवली. रडला नाही. म्हणाला, "काकांना सांगू नगं. आपली वस्तू त्यांनी त्यांच्या पाटावर बसवली, आई. गावात दुसऱ्या कुणी बसवली असती का?"

बनाबाई म्हणाल्या, "न्हाय सांगत. पर तुजं काय?"

त्यानं माझा दिवा बंद केला.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सांगताना माझंच डोकं फिरतं. तो मुंबईला गेला, बेडूक आणि एसटी घेऊन. तिथले लोक म्हणाले, हात छान आहे, पुढच्या साली तुझी गोष्ट घेऊन ये. तोवर कॅमेरा मास्तरांना परत गेला होता आणि मास्तर बदलून दूर गेले. बनाबाई म्हणाल्या, पुन्हा कर की रे, कुठूनतरी फीत आणू. तो म्हणाला, माती परत तशी पडत नाही. पुढच्या साली तो गेलाच नाही. भूमच्या शाळेत चित्रकलेचे सर म्हणून लागला आणि आईला घेऊन तिकडंच राहायला गेला.

मला राग कशाचा येतो सांगू? काकांचा येत नाही. मच्छिंद्रचा येतो. चांगुलपणानं गप्प बसला, पण तसं गप्प बसणं हेही एक खोटंच. काकांना नुसतं कळायचा अवकाश होता. तो माणूस अनवाणी मुंबईला गेला असता, कंपनीच्या दारात धरणं धरून बसला असता, कुणाच्या तरी हातापाया पडून फीत घेऊन आला असता आणि पुन्हा पायरीवर राखण करत बसला असता. त्यांना वाईट वाटलं असतं, हे खरं. रडले असते. पण माणसं रडून मरत नाहीत. आपण त्यांचं दुःख वाचवलं असं मच्छिंद्रला वाटलं. काय वाचवलं ते आता ऐका.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. गोदामाची भिंत पांढरी ती पांढरीच. गावातली माणसं विचारायची, काय काका, तुमचा सिनेमा कधी? काका बनाबाईंना विचारायचे. त्या म्हणायच्या, मुंबईलाच राहिली फीत. मच्छिंद्र गावाला आला की सोसायटीच्या दारावरून खाली मान घालून जायचा. त्याला माझ्याकडं बघवत नसे, हे मला कळत होतं. काकांना काय कळणार? ते पायरीवर बसून त्याला लांबून जाताना बघायचे. एकदा हाक मारली. तो थांबला, नमस्कार केला, तब्येत विचारली आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेला. मायलेकरं भूमला गेल्यावर तर विचारायलाही कुणी उरलं नाही.

काही वर्षांनी काका रिटायर झाले. शेवटच्या दिवशी हार-नारळ झाला, भाषणं झाली, चहा झाला. माणसं पांगल्यावर ते धोंडप्पाला घेऊन गोदामात आले. माझ्यावरची पोती त्यांनी स्वतः बाजूला ओढली. माझ्या पोटातला दिवा कधीच गेला होता, तर खिशातून नवा काढला. घरून आणला होता. दिवा लागला. किती वर्षांनी मी उजळले! काचेवर जुनी धूळ होती. काकांनी त्या धुळीत बोट टेकवलं, पण चित्र काही काढलं नाही. नुसतं टेकवून ठेवलं.

मग म्हणाले, "धोंडप्पा, असा काय गुन्हा केला रे मी? सगळं ह्याच जागेवर झालं. मी बाहेर बसून राहिलो. आणि पोराला ती फिल्म एकदा दाखवू वाटली न्हाय मला. परकं केलं त्यानं."

धोंडप्पाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, शिकली-सवरलेली पोरं अशीच असतात, काका, मनाला लावून घेऊ नका. काकांनी डोळे पुसले, दिवा काढून परत खिशात ठेवला, आणि पोती होती तशी माझ्यावर रचून ठेवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी ते बिऱ्हाड घेऊन तुळजापूरला गेले.

मित्रांनो, त्या दिवशी मला तोंड असतं तर! दोन्हीकडचं मला ठाऊक. एकाला वाटतं, मी काकांना दुखवलं नाही. दुसऱ्याला वाटतं, मला त्यानं जवळचं मानलं नाही. दोघंही एकमेकांवर जीव टाकणारे. आणि मधे मी, खताखाली. एक फिल्म गेली त्याचं दुःख आहेच. ती चालली असती तर पोरगा कुठल्या कुठं गेला असता. पण फिल्म उन्हात एका दिवसात गेली. ही दोन माणसं मात्र वर्षानुवर्षं हळूहळू गेली आणि कुणाला पत्ताही लागला नाही.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी सांगतात, आम्हाला जपा. मी तसं सांगणार नाही. माझं आता काय राहिलंय? उद्या कोणी सरपणाला फोडलं तरी चालेल, लिंबाचं लाकूड चांगलं जळतं. मी एवढंच सांगते, की दुसऱ्याची वस्तू जपायला हातात घ्याल तेव्हा आधी त्याला विचारा, ही कशी जपतात. आणि तुमची वस्तू कुणाच्या मायेनं मोडली, तर गप्प बसून मोठेपणा करू नका. त्याला सांगा. त्याच्याजवळ बसून सांगा.

आणि तुमच्यात कुणी भूमच्या शाळेतलं असेल, तर माझं एक काम करा. मधल्या सुट्टीत तुमच्या चित्रकलेच्या सरांकडं जा. त्यांना म्हणा, सर, धोंडप्पा सांगत होता, अंबादासकाकांना आता नीट दिसत नाही, पण ऐकू येतं. तुळजापूरची एसटी धरा. त्यांच्या शेजारी बसा आणि ती फिल्म त्यांना सांगा, बाईनं दगड कानाला लावला तिथपर्यंत सगळी. मग ती का दाखवता आली नाही तेही सांगा. म्हातारा रडेल. रडू द्या त्याला. पण त्याला परकं केलं नव्हतं, एवढं त्याला कळू द्या.